टवक्यासाठी अख्खं बॉनेट?

मंडळी, स्मरणिकेत दरवर्षी पाककृती येतात, गणेशोत्सवाचे फोटो येतात, मुलांची चित्रं येतात आणि गावाकडच्या पावसावर एखादा हळवा लेखही येतो. यंदा मी भांडण घेऊन आलोय. भांडण आपल्याच माणसांशी आहे आणि विषय आहे गाडीच्या रंगाचा टवका.

हसू नका. तुमच्यापैकी निम्म्यांच्या गाडीवर हा लेख वाचताना निदान तीन तरी टवके असतील, आणि उरलेल्यांच्या गाडीवर नसतील तर त्यांनी नुकतंच अख्खं बॉनेट रंगवून घेतलं असेल. भांडण आहे ते या दुसऱ्या मंडळींशी.

प्रसंग नेहमीचाच आहे. सिक्स्थ रिंग रोडवर पुढे खडीचा डंपर, मागे आपण. 'टक्' असा आवाज होतो. घरी आल्यावर अब्बासियातल्या बिल्डिंगखाली मोबाईलचा टॉर्च लावून पाहणी होते. बॉनेटवर ज्वारीच्या दाण्याएवढा टवका सापडतो. वहिनी म्हणतात, "दिसतसुद्धा नाहीये." पण भाऊंना आता दुसरं काही दिसतच नाही. शुक्रवारी सकाळी जलीबच्या एखाद्या बोळातल्या गॅरेजसमोर गाडी उभी. गॅरेजवाला टवक्याकडे नाही, भाऊंच्या चेहऱ्याकडे बघतो आणि म्हणतो, "साब, ये ऐसे नहीं होगा. पूरा बोनेट मारना पड़ेगा." भाऊ मान डोलावतात. एका दाण्यासाठी सव्वा मीटर लांबीचा पत्रा घासायला जातो.

माझं म्हणणं सरळ आहे. टवक्यासाठी अख्खा पत्रा रंगवून घेणं म्हणजे पैशाची, गाडीची आणि एका गरीब माणसाच्या फुप्फुसांची नासाडी आहे. आणि त्या टवक्यापुरतं काम घरी, आपल्या हातानं, अर्ध्या सकाळीत होतं.

आधी हे दगड येतात कुठून ते बघू. कुवेतमध्ये राहून ज्याच्या गाडीवर टवका नाही, त्याची गाडी बेसमेंटमध्येच असते असं समजावं. नोव्हेंबर २०१८ चा पाऊस आठवा. दोन आठवडे झोडपलं, विमानतळ बंद ठेवावा लागला, बोगद्यांमध्ये गाड्या बुडाल्या आणि त्या पुरावरून तेव्हाचे सार्वजनिक बांधकाम मंत्री हुसाम अल रूमी यांनी राजीनामा दिला. पाणी ओसरलं, पण डांबरातून सुटलेली खडी रस्त्यावरच राहिली. पुढचे कित्येक महिने अरबी वर्तमानपत्रांत 'उडणारी हसा' हा राष्ट्रीय प्रश्न होता. हसा म्हणजे आपली बारीक खडी. काचा फुटल्या, बॉनेटं टोचली गेली. नोव्हेंबर २०१९ मध्ये पुढच्या बांधकाम मंत्री जिनान बुशहरी यांना संसदेत जाब विचारला गेला, त्यातही रस्त्यांचा विषय होता, आणि त्यांनीही राजीनामा दिला. म्हणजे ज्या खडीनं एका देशाच्या संसदेला घाम फोडला, तिच्यावर आपण उपाय काय शोधला? तर बॉनेट रंगवणे!

बरं, खडी काही एकदाच उडत नाही. सालमी रोडला जाऊन या, वफ्राच्या शेतांवर सहलीला जाऊन या, नाही तर नुसतं जलीबच्या आतल्या खड्ड्यांतून रोज कामावर जाऊन या. या महिन्यात बॉनेट रंगवलंत तर पुढच्या महिन्यात त्यावर नवा टवका आहेच. मग पुन्हा रंगवणार? आणि पत्रा नीट घासून, पुसून, प्रायमर देऊन न रंगवलेल्या बॉनेटवरचा टवका ज्वारीच्या दाण्याएवढा उडत नाही, नखाएवढा पोपडाच निघतो.

इथे थोडं रंगाबद्दल सांगायला हवं, कारण माझं सगळं भांडण त्यावर उभं आहे. गाडीवर जो रंग आपल्याला दिसतो तो एक थर नसतो, चार असतात. कारखान्यात गाडीचा नुसता सांगाडा आधी रंगाच्या हौदात बुडवतात आणि विजेच्या प्रवाहानं पत्र्यावर पहिला थर बसवतात. तो गंजाशी लढणारा थर, साधारण वीस मायक्रॉनचा. त्यावर प्रायमर. त्यावर खरा रंग, आणि तो सगळ्यांत पातळ, पंधरा मायक्रॉनच्या आसपास. आणि सगळ्यांत वर पारदर्शक क्लिअर कोट, तो चाळीसेक. सगळं मिळून शंभर ते एकशेवीस मायक्रॉन. आपल्या डोक्याचा एक केस सत्तरेक मायक्रॉनचा असतो, म्हणजे दीड केसाच्या जाडीवर आपण एवढी मिरवतो! पण हे थर तिथे मोठ्या भट्टीत एकशेचाळीस ते एकशेऐंशी अंश सेल्सियसला भाजलेले असतात. त्या वेळी गाडीत रबर नाही, वायर नाही, सीट नाही, म्हणून हे जमतं. तयार गाडी कुठलाही गॅरेजवाला एकशेचाळीस अंशाला भाजू शकत नाही. चांगल्यातल्या चांगल्या रंगशाळेत साठ अंशापर्यंत उष्णता देतात आणि बाकीचं काम हार्डनर नावाच्या रसायनावर सोडतात. आणि आपल्या बोळातल्या शटरमागे? तिथे भट्टी म्हणजे कुवेतचं ऊन आणि गाळणी म्हणजे कुवेतची हवा.

एका टवक्यासाठी बॉनेट द्यायचं म्हणजे हा भाजलेला, पुन्हा कधीही न मिळणारा थर पॉलिशपेपरनं घासून काढायचा आणि त्याजागी घरगुती थर बसवून घ्यायचा. आमच्या शेजाऱ्यांनी हौसेनं करून घेतलं. तोझच्या दिवसांत. गाडी पांढरीशुभ्र झाली, लांबून झकास. बोट फिरवलं तर रव्याच्या लाडवासारखं लागतं. गॅरेजचं नाव सांगत नाही, कारण त्याचा एकट्याचा दोष नाही. उघड्या शटरसमोर ओला रंग मारला की वाळवंट त्यात आपली सही करणारच.

पैशाचं बघायचं तर खरी गंमत गाडी विकताना येते. इथल्या जुन्या गाड्यांच्या बाजारात एक शब्द फार चालतो, 'सबग वकाला', म्हणजे एजन्सीचा मूळ रंग. विकणारा अभिमानानं सांगतो आणि घेणारा खिशातून रंगाची जाडी मोजायचं छोटं यंत्र काढतो. मूळ पत्र्यावर आकडा शंभर-सव्वाशे दाखवला की तो खूश. बॉनेटवर तीनशे दाखवला की त्याच्या कपाळावर आठी. तुम्ही कितीही शपथा घ्या की अहो फक्त टवका होता. त्याच्या मनात अपघातच होतो, आणि भाव पडतो. ज्या पुनर्विक्रीच्या काळजीनं भाऊंनी बॉनेट रंगवून घेतलं, तिचाच त्या रंगानं घात केला. उलट चार टवके आणि त्यावर नीट भरलेले चार ठिपके बघून जाणता माणूस म्हणतो की गाडी पळालीय, पण ठोकलेली नाही.

आता त्या फुप्फुसांबद्दल. हा भाग लिहायला मला आवडत नाही, पण टाळणार नाही. गाडीच्या रंगात मिसळायचा तो हार्डनर म्हणजे आयसोसायनेट. फवारताना त्याचे अतिसूक्ष्म तुषार हवेत जातात. त्याला धोक्याची सूचना देणारा वाससुद्धा धड नसतो. जगभरात गाड्या रंगवणाऱ्यांना होणाऱ्या दम्याचं हे सर्वांत ठाऊक असलेलं कारण आहे. एकदा शरीरानं त्याचा धसका घेतला की पुढे अगदी थोड्या मात्रेनंही धाप लागते, आणि तो माणूस त्या धंद्यातून कायमचा उठतो. म्हणून रीतसर रंगशाळेत बंद खोली असते, हवा ओढून घेणारे पंखे असतात आणि रंगाऱ्याच्या तोंडावर नळीनं बाहेरची स्वच्छ हवा पुरवणारा मुखवटा असतो. जलीबच्या बोळातला रंगारी तोंडाला काय बांधतो ते आपण सगळ्यांनी पाहिलंय. गमछा. फार तर कोविडनंतर उरलेला कागदी मास्क. दोन्हींचा त्या तुषारांपुढे काहीही उपयोग नाही.

अशाच एका गॅरेजात मी रंगाऱ्याशी बोलत बसलो होतो. बिहारचा, वय पस्तिशीच्या आत. वाक्य संपायच्या आत खोकला. म्हणाला, "धूल बहुत है इधर." मी त्याला हार्डनरबद्दल सांगितलं, त्यानं शांतपणे ऐकून घेतलं आणि पुढच्या गाडीकडे वळला, कारण ती संध्याकाळपर्यंत द्यायची होती. त्या गाडीला काय झालं होतं? दरवाज्यावर एक टवका. कुणीतरी शेजारच्या गाडीचं दार लागल्याचा.

'मग त्याच्या पोटावर पाय आणायचा का?' हा प्रश्न मला दर वेळी विचारला जातो, आणि नेमके तेच लोक विचारतात जे त्याच गॅरेजात दोन दिनारांसाठी अर्धा तास घासाघीस करतात. ठोकलेल्या गाड्या कुवेतमध्ये कमी नाहीत. त्याला काम राहणारच आहे. फक्त गरज नसलेला रंग त्याच्या छातीत भरू नका, एवढंच म्हणणं आहे. आणि खरंच रंगवायचं असेल तेव्हा जास्त पैसे मोजून बंद खोली असलेल्या, परवानाधारक रंगशाळेत जा. शुवैखच्या औद्योगिक भागात विचारलंत तर सापडतील.

आता मुख्य आक्षेपाकडे येतो. तो कुणी उघड बोलत नाही. उघड कारणं दोन असतात, 'वेळ नाही' आणि 'आपल्याला जमणार नाही'. वेळेचं सोडा. गॅरेजात गाडी टाकणं, टॅक्सीनं परतणं, दोन दिवस मित्राच्या गाडीतून कामावर जाणं आणि पुन्हा आणायला जाणं यात जो वेळ जातो त्यात पन्नास टवके भरून होतील. खरा आक्षेप तिसराच आहे. बिल्डिंगखाली, चार लोकांत, गुडघ्यावर बसून हातात ब्रश धरायचा? हारिस काय म्हणेल? वरच्या मजल्यावरचे काय म्हणतील? इंजिनियर माणूस आणि गाडी घासतोय!

इथे मला राग येतो. कुवेतमध्ये गाडी चालवण्याचा परवाना मिळवणं किती अवघड आहे ते नव्यानं आलेल्यांना विचारा. २०१४ पासून परदेशी माणसाला सर्वसाधारणपणे सहाशे दिनार पगार, पदवी आणि दोन वर्षांचं वास्तव्य अशा अटी आहेत. म्हणजे ही गाडी आपल्या घामाची आहे. दसऱ्याला आपण तिला झेंडूचा हार घालतो, चाकाखाली लिंबू ठेवतो. आदल्या दिवशी खंडेनवमीला हत्यारांची पूजा करायची आपली रीत. पण पूजेपुरतं का होईना, घरात स्क्रू ड्रायव्हर आणि पाना सोडून तिसरं हत्यार किती घरांत निघतं? आपल्यातले कितीतरी जण इथे आले ते फिटर, वेल्डर, इलेक्ट्रिशियन म्हणून. कुणी रत्नागिरीहून, कुणी कोल्हापूरच्या उद्यमनगरातून. शुऐबाची रिफायनरी २०१७ साली बंद झाली, पण तिचे व्हॉल्व्ह आणि पंप सांभाळलेल्या हातांची माणसं अजून आपल्यात आहेत. आणि त्यांचीच मुलं, आपल्याच मंडळाच्या कार्यक्रमात, सायकलची चेन निघाली तर सायकल बाबांकडे नाही, दुकानात नेतात. हे मुलं आपोआप शिकलेली नाहीत. आपण शिकवलंय.

'आम्हाला रंगातलं कळत नाही' म्हणणाऱ्यांसाठी एक गोष्ट. लक्ष्मणराव किर्लोस्कर मुंबईला जे. जे. स्कूल ऑफ आर्टमध्ये चित्रकला शिकायला गेले आणि डोळ्यांना काही रंग नीट ओळखता येत नाहीत म्हणून त्यांना ते सोडावं लागलं. ते घरी बसले नाहीत. यांत्रिक ड्रॉइंगकडे वळले, व्हिक्टोरिया जुबिली टेक्निकलमध्ये शिकवलं, बेळगावात सायकलींचं दुकान चालवलं आणि १९१० साली किर्लोस्करवाडी उभी केली. रंगांधळ्या माणसानं लोखंडाचा कारखाना काढला, आणि आपण सातच्या सात रंग दिसणाऱ्या डोळ्यांनी एक ठिपका भरू शकत नाही!

शिवाय इथे रंग तुम्हाला जुळवायचाच नाहीये. तो कोडवरून मिळतो. ड्रायव्हरचं दार उघडा, खांबावर किंवा दाराच्या कडेला एक पट्टी किंवा स्टिकर असतो. टोयोटा असेल तर त्यावर 'सी/टीआर' लिहिलेल्या ओळीत पहिला आकडा रंगाचा. ०४० म्हणजे साधा पांढरा, १एफ७ म्हणजे चंदेरी, २०२ म्हणजे काळा. काही गाड्यांत ही पट्टी बॉनेटखाली असते. एजन्सीच्या सुट्या भागांच्या काउंटरवर त्या कोडची छोटी पेनासारखी बाटली मिळते, नाही तर रंगाच्या दुकानात कोडवरून मोजून मिसळून देतात. रंगाबरोबर क्लिअरची बाटली मागून घ्या. गाडीचा रंग दफ्तरात लिहिलेला असतो (दफ्तर म्हणजे मुलांच्या पाठीवरचं नव्हे, गाडीचं!), त्यामुळे आपल्या मनानं दुसरी छटा आणू नका.

काम थंडीत करा. नोव्हेंबर ते मार्च हा आपला मोसम. जुलैत उन्हात उभ्या गाडीच्या पत्र्याला हात लावून बघा, म्हणजे कारण कळेल. ब्रश टेकायच्या आत रंग वाळतो आणि त्याखाली बुडबुडे राहतात. ज्या देशातल्या मित्रिबाह इथे २१ जुलै २०१६ ला ५३.९ अंश तापमान नोंदलं गेलं, तिथे उन्हाळ्यात रंगकाम करायचं धाडस कुणी करू नये. सकाळची वेळ, सावली, वारा नाही आणि तोझ नाही, एवढं बघायचं.

टवका आधी नीट बघा. तळाशी राखाडी दिसत असेल तर प्रायमर शाबूत आहे, घाई नाही. चकचकीत पत्रा दिसत असेल तर महिन्याभरात भरून घ्या. तपकिरी दिसत असेल तर गंज सुरू झालाय. आपण कोकणातल्या, मुंबईतल्या खाऱ्या दमट हवेतून आलेलो, म्हणून टवका दिसला की आपल्या डोळ्यांसमोर पावसाळ्यात सडलेले गाड्यांचे पत्रे येतात. इथली हवा वर्षातला बराच काळ कोरडी असते, गंज हळू चालतो. पण ऑगस्ट-सप्टेंबरमध्ये घाम न वाळणारे दमट दिवस येतात आणि सालमिया, फहाहीलला समुद्र शेजारीच आहे. म्हणून 'हळू' म्हणजे 'कधीच नाही' नव्हे. बंपर मात्र प्लास्टिकचा असतो. त्याला गंज चढतच नाही. बंपरवरच्या टवक्यासाठी झोप घालवणाऱ्यांना मी काय सांगू!

गाडी शॅम्पूनं धुवा, पूर्ण वाळू द्या. टवक्याची जागा आयसोप्रोपाइल अल्कोहोलनं पुसा, कारण मेणाचा अंश राहिला तर रंग धरत नाही. सुटलेल्या कडा लाकडी टूथपिकनं टोचून बघा, हलतात त्या काढा. गंज असेल तर टोकदार पात्यानं फक्त तेवढाच खरवडा आणि त्यावर गंजरोधकाचा ठिपका देऊन वाळू द्या. पत्रा उघडा असेल तर प्रायमरचा ठिपका. मग रंग. बाटलीच्या झाकणातला ब्रश मुळीच वापरू नका, तो नेलपॉलिशचा असतो, आणि बहुतेकांचं काम तिथेच बिघडतं. मुलांच्या रंगपेटीतला शून्य नंबरचा ब्रश घ्या, नाहीतर टूथपिकच घ्या. थेंब टवक्याच्या मध्यभागी टेकवायचा आणि त्याला आपोआप कडेपर्यंत पसरू द्यायचा. रांगोळीत कणा भरताना वहिनी चिमूट सोडतात ना, तशी सोडायची, ओढायची नाही. पातळ थर, अर्धा तास थांबा, पुन्हा पातळ थर. असे दोन-तीन. रंग वाळताना आक्रसतो, त्यामुळे पहिल्या थराला खड्डा दिसला म्हणून घाबरून जाऊ नका. शेवटी क्लिअरचे एक-दोन ठिपके, आजूबाजूच्या पातळीच्या किंचित वर येतील एवढे. ठिपका बिघडला तर ओला असतानाच थिनरच्या ओलसर कपड्यानं हलकं पुसून पुन्हा सुरुवात करा. एजन्सीच्या भाजलेल्या रंगाला हा हलका हात चालतो. गॅरेजच्या ताज्या रंगाला चालत नाही, तो सुटून येतो. तिथेही दोघांतला फरक कळतो.

इथे थांबलात तरी पुष्कळ झालं. पत्रा झाकला गेला, टवका दोन पावलांवरून दिसत नाही. ज्यांना चैन पडत नाही त्यांनी आठवडाभर थांबून, छोट्या सपाट ठोकळ्याला दोन किंवा तीन हजार नंबरचा पॉलिशपेपर लावून, साबणाच्या पाण्यात भिजवून तो उंचवटा अलगद उतरवावा आणि कंपाउंडनं चमक आणावी. पण हात आवरता येत असेल तरच. क्लिअर कोट चाळीसच मायक्रॉनचा आहे हे विसरलात तर आपल्या हातानंच पत्रा गॅरेजला धाडाल. साध्या पांढऱ्या रंगावर हे काम इतकं बेमालूम होतं की मला स्वतःला माझे ठिपके शोधावे लागतात. चंदेरी आणि मेटॅलिक रंगांत चमकीचे कण ब्रशनं वेगळे बसतात आणि ठिपका किंचित गडद दिसतो. मोतिया पांढऱ्यात तर रंगाचेच दोन थर असतात, तो हुबेहूब जुळणार नाही. पण दीड मिलिमीटरचा किंचित गडद ठिपका आणि तीनशे मायक्रॉनचं बॉनेट यात मला निवडायला सांगितलंत तर मी ठिपकाच निवडीन.

आता काही गोष्टींना माझा विरोध घरीसुद्धा आहे. हार्डनर असलेला स्प्रेचा डबा आणून फ्लॅटच्या बाल्कनीत किंवा बाथरूममध्ये बंपर रंगवणारे उत्साही वीर आपल्यात आहेत. जे त्या बिहारी रंगाऱ्याच्या छातीला वाईट, ते तुमच्या मुलांच्या छातीला जास्त वाईट. स्प्रे घरी नाही म्हणजे नाही. व्हॉट्सअ‍ॅपवर येणारी टूथपेस्ट, नेलपॉलिश आणि मेणाच्या खडूची नुस्खेबाजीही बंद करा. टूथपेस्ट ओरखड्यावर थोडं घासकाम करते, टवका भरत नाही, आणि नेलपॉलिश कुवेतच्या उन्हात एका उन्हाळ्यात पिवळं पडतं. सिरॅमिक कोटिंगवर शेकडो दिनार मोजून आता दगड लागणारच नाही म्हणणाऱ्यांनाही नम्रपणे सांगतो की तो थर काही मायक्रॉनचाच असतो. पाणी आणि धूळ घसरते, खडी घसरत नाही. दगड थोडाफार अडवते ती जाड पारदर्शक फिल्म, आणि तीही पुढच्या भागापुरती लावली तरी पुरते.

एप्रिल ते जुलै २०२० जलीबभोवती नाकाबंदी होती ते आठवतं ना? आत कुणी येईना, बाहेर कुणी जाईना. दुकानं बंद, गॅरेजं बंद, गाड्या धुळीच्या दुलया पांघरून उभ्या. तेव्हा आमच्या बिल्डिंगमधल्या किती जणांनी स्वतःचे केस कापले, नळ दुरुस्त केले, एसीच्या जाळ्या धुतल्या! बाल्कनीतून बाल्कनीत पाने आणि पक्कड फिरत होते. कुणाची पदवी कमी झाली नाही, हारिसनंही कुणाला नावं ठेवली नाहीत. नाकाबंदी उठली आणि महिन्याभरात तेच हात पुन्हा खिशात गेले.

म्हणून मंडळाच्या कार्यकारिणीकडे माझी एक मागणी आहे, आणि ती मी पुढच्या सर्वसाधारण सभेतही मांडणार आहे. हिवाळ्याच्या सहलीला संगीत खुर्ची आणि लिंबू-चमचा असतोच. तो असू द्या. त्याच्या शेजारी झाडाच्या सावलीत एक टेबल द्या. टवके असलेल्या चार गाड्या आणि शुऐबात आयुष्य काढलेले दोन काका. आठ वर्षांपुढची मुलं-मुली, हो, मुलीसुद्धा, आणि त्यांच्या हातात ब्रश. आईबाबांनी मागे उभं राहून सूचना द्यायच्या नाहीत, ही अट. टेबल, अल्कोहोल, टूथपिक आणि पॉलिशपेपर यांचा खर्च मी करतो. रंगाची बाटली ज्यानं त्यानं आपापल्या कोडची आणायची. ती फ्रिजमध्ये नको आणि गाडीच्या डॅशबोर्डवर तर मुळीच नको, घरात सावलीत उभी ठेवायची, आणि सहलीच्या सकाळी आतल्या गोळीचा खडखड आवाज यायला लागल्यावरही चांगली दोन मिनिटं हलवून आणायची.